गिअर पडत नाही? आधी दांडा तपासा, मग गिअरबॉक्स

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या ‘पद्मिनी’ टॅक्सीतून हिंडलेल्या अनेकांनी हा प्रकार पाहिलेला असतो. सिग्नल हिरवा होतो. मागच्या गाड्यांचे हॉर्न कोकलू लागतात. पण टॅक्सी जागची हलत नाही. ड्रायव्हर स्टिअरिंगजवळचा गिअरचा दांडा वर-खाली करून पाहतो, मग शांतपणे खाली उतरतो, बॉनेट उघडतो, आत हात घालून काहीतरी ‘खट्कन’ ओढतो आणि परत येऊन बसतो. टॅक्सी चालू लागते!

प्रवाशाला वाटतं, काय ही खटारा गाडी! पण त्या अर्ध्या मिनिटात ड्रायव्हरनं जे केलं, त्यात जुन्या गाडीच्या मालकानं शिकण्यासारखं बरंच आहे. त्यानं गिअरबॉक्स उघडलेला नसतो. दांडा आणि गिअरबॉक्स यांना जोडणारी एक सळई अडकलेली असते, तेवढी त्यानं हातानं जागेवर आणलेली असते.

पद्मिनी टॅक्सीची मुंबईतली मुदत २०२३ च्या ऑक्टोबरअखेर संपली. उत्तरपाड्याच्या कारखान्यातून निघणारी ॲम्बेसेडर मे २०१४ मध्ये थांबली, तर मारुती ८०० त्याच वर्षी जानेवारीत. पण कंपनीनं गाडी बनवणं थांबवलं म्हणून ती घरातून नाहीशी होत नाही. वडिलांनी वर्षानुवर्षं नंबर लावून घेतलेली फियाट, नोकरीतल्या पहिल्या कर्जावरची मारुती अशा गाड्या अजून कितीतरी घरांपुढे उभ्या आहेत. त्या विकवत नाहीत आणि नीट चालवताही येत नाहीत, अशी अवस्था होते ती बहुधा गिअरमुळे. दांडा ढिला पडतो, दुसरा गिअर पडताना करकर वाजतो, उतारावर गिअर आपोआप सुटतो. गॅरेजमध्ये नेलं की निकाल ठरलेला असतो, ‘साहेब, गिअरबॉक्स गेला. उतरवावा लागेल.’

कधी कधी तो खरोखरच गेलेला असतो. पण पुष्कळदा ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ असा प्रकार होतो. दुसरा गिअरबॉक्स आणून बसवला जातो, बिल चुकतं होतं आणि गाडी घरी येते, तेव्हा दांडा पूर्वीसारखाच डुलत असतो!

दांडा ते गिअरबॉक्स

जुन्या फियाट आणि ॲम्बेसेडरमध्ये गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर असायचा. त्यामुळे पुढच्या सलग सीटवर तिघे बसू शकत, मधल्याच्या गुडघ्याला दांडा लागत नसे. कुटुंबाच्या दृष्टीनं सोय मोठी, पण तिची किंमत यंत्राला मोजावी लागली. दांडा वर, गिअरबॉक्स खाली इंजिनाच्या मागे. मधलं अंतर सळया, कड्या, पिना आणि बुश यांच्या साखळीनं जोडावं लागलं. यालाच मिस्त्री लोक ‘लिंकेज’ म्हणतात.

दांड्याची कामं दोन. तो आधी गल्ली निवडतो, म्हणजे पहिला-दुसरा की तिसरा-चौथा हे ठरवतो. मग त्या गल्लीत पुढे-मागे सरकून गिअर टाकतो. गिअरबॉक्समध्ये प्रत्येक गल्लीसाठी एक वेगळा दांडू असतो. त्याला लोखंडी चिमट्यासारखा फोर्क असतो आणि हा फोर्क गिअरची जोडणी सरकवतो. दांडूच्या खाचेत स्प्रिंगच्या जोरावर पोलादी गोळी बसते. गिअर पडताना जो सुखद ‘खट्’ आवाज येतो तो तिचा. एका वेळी दोन गिअर पडू नयेत म्हणून मध्ये अडसरही असतो.

आता समजा, वाटेतल्या चार-पाच सांध्यांतले बुश प्रत्येकी थोडे थोडे झिजले. एकेका सांध्यातली ढिलाई डोळ्यांना दिसतही नाही. पण सगळ्यांची बेरीज होते आणि वरती दांडा वीतभर हलला तरी खाली बोटभरही सरकत नाही. गिअर अर्धवट पडतो. अर्धवट पडलेला गिअर खड्ड्यात किंवा उतारावर सुटतो, आणि सुटता सुटता दातांच्या कडा गोल करून ठेवतो. म्हणजे बुशसारख्या किरकोळ वस्तूकडे केलेलं दुर्लक्ष शेवटी गिअरबॉक्सलाही घेऊन बुडतं. गल्ली निवडणारी सळई ढिली असेल, तर गिअर दोन गल्ल्यांच्या मध्ये अडकून बसतो. टॅक्सीवाला बॉनेट उघडून हाताने सोडवतो तो हाच गुंता.

घाटात हा खेळ जिवावर बेतू शकतो. खंबाटकी किंवा वरंधा उतरताना गाडी दुसऱ्या गिअरवर असते, कारण इंजिनच तिला धरून ठेवतं. गिअर सुटला की सगळा भार ब्रेकवर येतो. जुन्या गाड्यांचे ड्रम ब्रेक सतत दाबले की तापतात आणि तापले की पकड सोडतात. म्हणून ‘गिअर कधीमधी सुटतो, पण हातानं धरून ठेवलं की चालतं’ असं सांगणाऱ्या मालकानं त्या गाडीतून मुलाबाळांना घेऊन महाबळेश्वरला जाऊ नये, हे स्पष्टच सांगायला हवं.

घरच्या घरी करायची तपासणी

गॅरेजमध्ये जाण्याआधी अर्धा तास खर्च करा. त्यासाठी दोन माणसं लागतात. एक दांडा हलवायला, दुसरं पाहायला. नवरा-बायकोनं मिळून करण्यासारखं काम आहे, आणि दांडा हलवणाऱ्यापेक्षा बारकाईनं पाहणाऱ्याचं काम अधिक महत्त्वाचं, हेही लक्षात असू द्या.

गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडाचे ठोकळे लावा. इंजिन बंद ठेवून क्लच दाबा आणि सगळे गिअर एकेक करून टाका. बंद इंजिनावर सगळे गिअर लोण्यासारखे पडतात, पण इंजिन चालू केलं की पहिला आणि रिव्हर्स पडताना खरखर होते किंवा ते पडतच नाहीत, असं असेल तर दोष बहुतेक क्लचचा. तो पूर्ण सुटत नाही. मारुती ८०० मध्ये केबल ताणली गेलेली असते, ॲम्बेसेडरमध्ये क्लचच्या सिलिंडरमधून तेल गळत असतं. नुसतं केबल ‘सेट’ करून किंवा सिलिंडरचं किट बदलून गाडी ठीक झाली, तर गिअरबॉक्सचा विषय तिथंच संपला.

इंजिन बंद असतानाही गिअर पडत नसेल, तर बॉनेट उघडा. एकानं दांडा सावकाश हलवावा, दुसऱ्यानं बॅटरीच्या उजेडात प्रत्येक सांध्याकडे पाहावं. दांडा हलतो आणि सळई क्षणभर थांबून मग हलते, असं ज्या सांध्याशी दिसेल तिथं बुश झिजलेला. तुटलेली पिन, वॉशरऐवजी गुंडाळलेली तार, वेल्डिंगचे डाग हेही दिसतील. आधीच्या कारागिरांनी काय काय उद्योग केले, त्याचा सगळा इतिहास तिथं वाचायला मिळतो.

निर्णायक परीक्षा मात्र पुढची, आणि ती मिस्त्रीला आपल्यासमोर करायला सांगावी. गिअरबॉक्सवर जिथं सळया जोडल्या आहेत, तिथली पिन काढून सळया मोकळ्या करायच्या आणि गिअरबॉक्सवरचा छोटा लिव्हर थेट हातानं हलवायचा. प्रत्येक गिअरला स्वच्छ ‘खट्’ लागला, लिव्हर कुठंही अडखळला नाही, तर दोष बाहेर आहे. लिव्हर तिथंही अडला किंवा गुळगुळीतपणे पुढे-मागे फिरत राहिला, तर दोष आत. या परीक्षेला फार वेळ लागत नाही. ती न करता ‘उतरवावा लागेल’ म्हणणाऱ्या कारागिराकडे गाडी सोडू नये.

आवाजांवरूनही कळतं. न्यूट्रलवर इंजिन चालू असताना घरघर येते आणि क्लच दाबला की थांबते, तर गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचं बेअरिंग संशयित. उलट क्लच दाबल्यावरच आवाज येत असेल, तर क्लचचं रिलीज बेअरिंग. एकच गिअर, बहुधा दुसरा, पडताना करकरत असेल तर त्याची सिंक्रो रिंग झिजलेली. पण जुन्या फियाट-ॲम्बेसेडरच्या पहिल्या गिअरला सिंक्रो नव्हतंच! गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकला तर तो करकरणारच. तो दोष गाडीचा नव्हे, आजच्या गाड्यांची सवय झालेल्या हाताचा.

दांड्याची दुरुस्ती

लिंकेजचं काम म्हणजे मुख्यतः बुश, पिना आणि वॉशर बदलणं. काम किचकट आहे, अवघड नाही. त्यात दोन गोष्टींवर मालकानं लक्ष ठेवावं.

पहिली म्हणजे, नुसता बुश बदलून भागत नाही. बुश झिजला असेल तर त्यातली पिनही झिजलेली असते आणि ती जिथं बसते ते भोक लंबगोल झालेलं असतं. लंबगोल भोकात नवा बुश बसवला की महिना-दोन महिन्यांत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. भोक मोठं करून त्यात लेथवर केलेली स्लीव्ह बसवावी, पिन नवी घ्यावी. बाजारात तयार बुश मिळाले नाहीत, तर चांगला लेथवाला पितळेचे किंवा नायलॉनचे करून देतो. जुन्याचं माप घेताना झिजलेल्या भागाचं न घेता कडेच्या न झिजलेल्या भागाचं घ्यायला सांगा. सायकलच्या ट्यूबची पट्टी, तारेचे वेढे, वेल्डिंगचा टाका हे उपाय रस्त्यात अडलेल्याला घरापर्यंत आणतात, हे खरं. पण ते तसेच ठेवले तर पुढच्या दुरुस्तीत सगळी सळईच बदलावी लागते.

दुसरी गोष्ट जुळवणीची. सगळे बुश नवे घातल्यावर दांडा न्यूट्रलवर आणि गिअरबॉक्सवरचा लिव्हरही न्यूट्रलवर ठेवायचा. मग आट्याच्या टोकानं सळईची लांबी अशी जमवायची की पिन जोर न लावता, नुसत्या बोटानं आत सरकली पाहिजे. हातोडीनं ठोकून पिन बसवावी लागली, तर जुळवणी चुकली असं खुशाल समजावं. शेवटी स्प्लिट पिना नव्या, ग्रीस भरपूर.

मारुती ८०० मध्ये दांडा जमिनीवर असला, तरी गोष्ट वेगळी नाही. तिथं गाडीच्या पोटाखालून सळई जाते. दांड्याच्या बुडाशी आणि सळईच्या टोकाशी असलेले बुश पावसाळ्यातला चिखल खाऊन झिजतात, वरचा रबरी बूट फाटला की आणखी लवकर. दांडा ताकातल्या रवीसारखा गरगर फिरू लागतो. गिअरबॉक्स न उतरवता हे बुश बदलता येतात. मात्र नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणी, अगदी क्षणभरही, शिरायचं नाही. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे. खाली भक्कम लोखंडी स्टँड हवेतच.

गिअरबॉक्स बदलायचाच झाला तर

परीक्षा झाली, दोष आतच निघाला. तेल काढताना त्यात लोखंडाचे तुकडे आले किंवा दातच तुटलेले दिसले, तर दोन वाटा उरतात. आहे तो उघडून बेअरिंगं, सिंक्रो रिंगा, मोडके गिअर बदलायचे, किंवा दुसरा आणायचा. सुटे भाग मिळत असतील आणि गिअरबॉक्स खोलणारा जुना जाणता कारागीर हाताशी असेल, तर पहिली वाट चांगली. कारण दुसरा गिअरबॉक्स म्हणजे शेवटी दुसऱ्याच्या घरचं दुखणं.

पण त्याही आधी एक कागद काढून पाहा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर ५ वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. दिल्ली आणि आसपासच्या भागात जुन्या गाड्यांचे नियम आणखी निराळे आहेत. ज्या गाडीची नोंदणी वाढणारच नाही, तिच्यात गिअरबॉक्स घालणं म्हणजे फुटक्या माठाला कल्हई. नोंदणी पुस्तकात इंजिन आणि चॅसिसचे नंबर असतात, ते बदलायचे नाहीत. त्याच जातीचा गिअरबॉक्स घातला, तर हे नंबर जसेच्या तसे राहतात.

जुन्या भागांचे बाजार प्रत्येक मोठ्या शहरात आहेत. मुंबईत कुर्ला, दिल्लीत मायापुरी, कोलकात्यात मलिक बाजार, चेन्नईत पुदुपेट. अशा ठिकाणी जाताना आपला जुना गिअरबॉक्स, निदान त्याचे फोटो आणि मापं बरोबर असावीत. दुकानदार ‘सेम टू सेम’ म्हणेल, त्यावर विसंबू नये. पुढच्या शाफ्टवरच्या खाचा मोजाव्यात. त्या आपल्या क्लच प्लेटच्या खाचांशी जुळल्या पाहिजेत. पुढचा शाफ्ट हातानं हलवून पाहावा. तो वर-खाली खुळखुळत असेल, तर बेअरिंग गेलेलं. मग एकेक गिअर टाकून पुढचा शाफ्ट फिरवावा. मागचा शाफ्ट प्रत्येक गिअरमध्ये अडखळ न येता फिरला पाहिजे, रिव्हर्सला उलटा. झाकण उघडू देत असेल तर दातांच्या कडा पाहाव्यात. गोल झालेल्या कडांचा गिअरबॉक्स फुकट मिळाला तरी महाग. आणि पावती घ्यावी. मेरठचा सोतीगंज बाजार चोरीच्या गाड्यांच्या भागांसाठी इतका बदनाम झाला, की २०२१ मध्ये पोलिसांनी त्यावर टाच आणली. स्वस्त माल कुठून आला, हा प्रश्न गिऱ्हाइकानंच विचारायचा असतो.

हौशी मंडळींना आणखी एक मोह होतो, तो चार गिअरऐवजी पाच गिअरचा आणि खांबावरच्या दांड्याऐवजी जमिनीवरच्या दांड्याचा. हे अशक्य नाही. १९९० च्या दशकात ॲम्बेसेडरला इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन आलं, तेव्हा कंपनीनंच जमिनीवरचा पाच गिअरचा दांडा दिला होता. पद्मिनीच्या शेवटच्या काळातल्या मॉडेललाही जमिनीवरचा दांडा होता. पण म्हणून इसुझूचा गिअरबॉक्स जुन्या १५०० सीसीच्या ॲम्बेसेडरला सहज बसेल, असं नाही. इंजिनाला चिकटणाऱ्या बेल हाउसिंगची भोकं जुळत नाहीत, मध्ये जाड पट्टी करावी लागते. पुढच्या शाफ्टची लांबी, प्रोपेलर शाफ्टची लांबी, गिअरबॉक्स पेलणारा आडवा पट्टा, स्पीडोमीटरची केबल, जमिनीला पाडायचं भोक हे सगळं नव्यानं. यातलं एक जरी मिलिमीटरनं चुकलं, तरी गाडी वेगात थरथरते आणि बेअरिंगं खाते. मूळ रूपातल्या जुन्या गाडीला आज हौशी गिऱ्हाईक जी किंमत देतं, ती असल्या प्रयोगानं कमी होते ते वेगळंच. ज्याला रोज लांबचा प्रवास करायचा आहे, त्यानं पाच गिअरची दुसरी गाडी घ्यावी. जुनीला तिच्या चार गिअरनिशी सुखानं नांदू द्यावं.

उतरवला आहेच, तर...

त्याच जातीचा गिअरबॉक्स बसवणं दोन अनुभवी माणसांचं काम आहे. बॅटरीची वायर काढायची, तेल काढायचं. प्रोपेलर शाफ्ट सोडवण्याआधी दोन्ही तबकड्यांवर खडूनं किंवा पंचानं खूण करायची, म्हणजे तो होता तसाच परत बसतो. मागचा आधार निघाल्यावर इंजिन लटकू नये म्हणून त्याला खालून टेकू द्यायचा. गिअरबॉक्स काढताना आणि चढवताना तो सरळ रेषेत राहिला पाहिजे. अर्धा आत गेलेला गिअरबॉक्स तसाच लोंबत सोडून चहाला गेलेल्या कारागिराला ताबडतोब परत बोलवा. सगळं वजन क्लच प्लेटच्या मध्यावर येऊन ती वाकते आणि नव्या गिअरबॉक्सचा पहिलाच दिवस खरखरीनं उजाडतो.

इथं कंजुषी करू नये अशा काही गोष्टी आहेत. क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंग अर्धंमुर्धं झिजलेलं असेल, तरी आत्ताच बदलावं. क्रँकशाफ्टच्या टोकात गिअरबॉक्सचा शाफ्ट टेकतो तो छोटा बुश, आणि मागून इंजिन ऑइल पाझरत असेल तर ते सीलही. या वस्तूंची किंमत किरकोळ असते. पुढे त्यांच्यासाठी गिअरबॉक्स परत उतरवण्याची मजुरी मात्र पुरी द्यावी लागते.

तेल कोणतं, हा शेवटचा घोळ. ‘जास्त भारी म्हणजे जास्त चांगलं’ हा हिशोब इथं चालत नाही. गिअर ऑइलच्या डब्यावर जीएल-४ किंवा जीएल-५ असं लिहिलेलं असतं. जीएल-५ मागच्या ॲक्सलच्या कामाचं. त्यातली काही रसायनं पितळी सिंक्रो रिंगांना मानवत नाहीत. काही जुन्या गिअरबॉक्सना तर कंपनीनं साधं इंजिन ऑइलच सांगितलेलं होतं. गाडीबरोबर आलेलं पुस्तक घरात कुठंतरी, रेशन कार्डाच्या पिशवीत किंवा माळ्यावर असतंच. ते शोधा आणि त्यात लिहिलेल्या ग्रेडचंच तेल, तेवढंच भरा.

नव्या गिअरबॉक्सवर पहिले काही दिवस गाडी भरून घाटात नेऊ नका. आठवड्यानं नट-बोल्ट परत आवळून घ्या, खाली तेलाचे थेंब पडतात का पाहा. आणि उतरवलेला जुना गिअरबॉक्स लगेच भंगारवाल्याच्या काट्यावर चढवू नका. त्याचं कवच, झाकण, मागचा शाफ्ट, एखाददुसरा चांगला गिअर अजून शाबूत असतो, आणि आता हे भाग नवे मिळतीलच असं नाही. तेल पुसून, गोणपाटात गुंडाळून, कोरड्या जागी ठेवा.